उरलेल्यातले निम्मे : पुन्हापुन्हा काढून घेण्याची आणि बाकीची कोडी मुलांकडून कशी सोडवून घ्यावीत

आजीने लाडू करून डब्यात भरले. थोरल्या नातवाने डब्यातले निम्मे लाडू घेतले आणि वर आणखी एक घेतला. मधल्या नातीने उरलेल्यातले निम्मे घेतले आणि वर एक घेतला. धाकट्यानेही उरलेल्यातले निम्मे आणि वर एक घेतला. शेवटी डब्यात दोन लाडू राहिले, तर आजीने एकूण किती लाडू केले होते?

चौथीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने या कोड्याचे उत्तर २३ असे लिहून आणले होते. तिने काय केले हे वहीत स्पष्ट दिसत होते: दोनाची दुप्पट चार आणि एक मिळून पाच, पाचाची दुप्पट दहा आणि एक मिळून अकरा, अकराची दुप्पट बावीस आणि एक मिळून तेवीस. शेवटापासून मागे जायचे हे तिला आपले आपण सुचले होते, आणि अशा कोड्यात तीच सर्वांत अवघड गोष्ट असते. चूक फक्त क्रमाची होती. मी ती चूक सांगितली नाही. चिंचोक्यांचा डबा तिच्यापुढे ठेवला, तेवीस चिंचोके मोजून घ्यायला सांगितले आणि थोरल्याचा वाटा काढायला लावला. अकरा इकडे, अकरा तिकडे झाल्यावर तिने वर पाहिले आणि विचारले, "मावशी, हा मधला कुणाचा?" तेवीस हे उत्तर असू शकत नाही, हे तिला तिथेच कळले.

या लेखात अशी कोडी मुलांबरोबर बसून पायरीपायरीने कशी सोडवावीत हे सांगितले आहे. त्यांचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिल्यात उरलेल्यातला काही भाग पुन्हापुन्हा काढला जातो आणि शेवटची शिल्लक दिलेली असते. दुसऱ्यात एकाच ढिगातून दोन-दोन, तीन-तीन, पाच-पाच असे सारखे गट काढले जातात आणि प्रत्येक वेळची बाकी दिलेली असते. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना दोन्ही प्रकार वारंवार भेटतात आणि दोन्हींत मुले एकाच ठिकाणी अडखळतात: काय काढून घेतले याकडे त्यांचे लक्ष असते, काय उरले याकडे नसते.

पहिली पायरी : "उरलेल्यातले" हा शब्द शोधणे

आकडेमोड सुरू करण्यापूर्वी मुलाला कोडे मोठ्याने वाचायला सांगावे आणि प्रत्येक वाटा कशातून काढला आहे त्या शब्दाखाली रेघ मारायला लावावी. "एकूण लाडवांपैकी" आणि "उरलेल्या लाडवांपैकी" यांत किती अंतर आहे ते एकदा हाताने करून दाखवले की मूल विसरत नाही. डब्यात साठ लाडू होते आणि निम्मे संपले, असे समजा. आता मधलीने उरलेल्यांचा तिसरा हिस्सा घेतला तर ती दहा लाडू घेते आणि वीस राहतात. एकूण लाडवांचा तिसरा हिस्सा घेतला तर ती वीस घेते आणि दहाच राहतात. एका शब्दाने शिल्लक निम्मी होते. माझा अनुभव असा आहे की घाईत वाचणारी हुशार मुले इथेच गुण गमावतात, म्हणून या पायरीवर पाच मिनिटे जास्त गेली तरी द्यावीत.

दुसरी पायरी : चित्र काढणे

वहीत आडव्या ओळीत चार चौकोन काढावेत. पहिल्यात प्रश्नचिन्ह घालावे, शेवटच्यात दोन लिहावेत आणि मधले दोन रिकामे ठेवावेत. प्रत्येक दोन चौकोनांमधल्या बाणावर काय झाले ते घडले त्याच क्रमाने लिहावे: आधी "दोनाने भागले", मग "एक वजा केला". "निम्मे आणि वर एक" यातल्या "वर" या शब्दामुळे मुले अधिक एक लिहितात, कारण तो शब्द कानाला बेरजेसारखा लागतो. तो लाडू नातवाच्या हातात अधिक झाला, पण डब्यातून वजा झाला. चौकोन डब्याचे आहेत, नातवाच्या हाताचे नाहीत, हे इथे सांगणे आवश्यक आहे.

तिसरी पायरी : उलट चालणे

आता शेवटच्या चौकोनाकडून डावीकडे यायचे. येताना प्रत्येक क्रिया उलटवायची आणि क्रियांचा क्रमही उलटवायचा. मुले क्रिया उलटवतात, क्रम उलटवायला विसरतात. भाचीच्या तेवीसचे कारण तेच होते. क्रम का बदलतो हे समजावताना मला फुलपुडीचे उदाहरण उपयोगी पडते. फुले आधी पानात गुंडाळतात आणि मग वरून दोरा बांधतात. घरी आल्यावर सोडताना आधी दोरा सोडावा लागतो आणि मग पान उघडते. सगळ्यात शेवटी केलेली गोष्ट सगळ्यात आधी सोडवावी लागते. लाडवांच्या कोड्यात प्रत्येक नातवाने शेवटी "वर एक" घेतला आहे, म्हणून मागे जाताना आधी तो एक डब्यात परत टाकायचा आणि मगच दुप्पट करायची.

धाकट्याने घेण्यापूर्वी : २ आणि १ मिळून ३, त्याची दुप्पट ६.
मधलीने घेण्यापूर्वी : ६ आणि १ मिळून ७, त्याची दुप्पट १४.
थोरल्याने घेण्यापूर्वी : १४ आणि १ मिळून १५, त्याची दुप्पट ३०.

म्हणजे आजीने ३० लाडू केले होते.

ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या आर्यभटीयात ती एका श्लोकात सांगितली आहे: उलट जाताना गुणक भाजक होतो, भाजक गुणक होतो, मिळवलेले वजा होते आणि वजा केलेले मिळवले जाते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत याच रीतीला व्यस्तविधी म्हटले आहे आणि वर्ग व वर्गमूळ यांचीही अशीच अदलाबदल करायला सांगितले आहे.

चौथी पायरी : पडताळा

उत्तर मिळाले की मुलाची पेन्सिल खाली पडते. तिथे थांबू न देता तेच उत्तर कोड्यातल्या मूळ क्रमाने पुन्हा चालवून पाहावे. तीसपैकी थोरल्याचे १५ आणि १, राहिले १४. मधलीचे ७ आणि १, राहिले ६. धाकट्याचे ३ आणि १, राहिले २. पडताळा मुलाने स्वतः करावा, शक्य असेल तेव्हा वस्तू हातात घेऊन करावा, आणि मोठ्यांनी "बरोबर" हा शब्द त्याआधी उच्चारू नये. उत्तर बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या कुणाला न विचारता ठरवता येते, हे एकदा लक्षात आलेले मूल पुढच्या कोड्याला वेगळ्या धिटाईने हात घालते.

उसने दोन लाडू

ज्या मुलाला वरची रीत जमली आहे त्याला प्रत्येक टप्प्यावरची शिल्लक एका ओळीत लिहायला सांगावी: ३०, १४, ६, २. मग प्रत्येक संख्येत दोन मिळवायला सांगावे: ३२, १६, ८, ४. हे आकडे पाहून मुलांचे डोळे चमकतात, आणि तसे होणे योग्यच आहे, कारण इथे कोड्याचे आतले रूप उघडे पडते. कारण समजावायचे असेल तर असे सांगावे: आजीने शेजारून दोन लाडू उसने आणून डब्यात टाकले. आता डब्यात ३२ आहेत आणि थोरला नुसते निम्मे, म्हणजे १६ घेतो. आधीही त्याला १५ आणि १ मिळून १६ च मिळाले होते. डब्यात १६ राहतात, त्यांत ते उसने दोन आहेतच. मधली निम्मे म्हणजे ८ घेते, धाकटा ४ घेतो, ४ राहतात, आणि उसने दोन शेजारी परत केले की दोन उरतात. "वर एक" ही कटकट पूर्णपणे गेली. नातवंडे तीनऐवजी दहा असती तरीही ४ ची दहा वेळा दुप्पट करून, म्हणजे ४०९६ मधून दोन वजा करून, ४०९४ हे उत्तर लगेच सांगता आले असते. ही युक्ती मात्र सुरुवातीलाच सांगू नये. उलट चालण्याची सवय पक्की होण्याआधी ती हाती आली, तर मूल प्रत्येक कोड्यात दोन मिळवत बसते.

याच कुळातले "निम्मी अंडी आणि वर अर्धे अंडे" असे कोडे मुलांना चक्रावून टाकते, कारण अंडे न फोडता अर्धे कसे द्यायचे हे समजत नाही. टोपलीत ७ अंडी असतील तर निम्मी म्हणजे साडेतीन, वर अर्धे मिळून चार, राहिली ३. त्यांची दीड आणि अर्धे मिळून दोन, राहिले १. त्याचे अर्धे आणि अर्धे मिळून ते एकच, टोपली रिकामी. दर वेळी संख्या विषम आहे, म्हणून अंडे फुटत नाही.

लीलावतीतला यात्रेकरू

मूल पाचवी-सहावीत गेले आणि अपूर्णांक हाताला बसले की त्याला लीलावतीतले एक उदाहरण अवश्य द्यावे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद असलेला शिलालेख जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्यामुळे हे गणित आपल्या मुलांसाठी घरचेच म्हणायला हवे. उदाहरणाचा आशय असा: एका यात्रेकरूने आपल्या धनातले निम्मे प्रयागला दिले. उरलेल्याचे दोन नवमांश काशीला दिले. त्यातून उरलेल्याचा चौथा भाग वाटेत जकातीपायी गेला. त्यातून उरलेल्याचे सहा दशांश गयेला दिले. घरी परतताना त्याच्याजवळ ६३ निष्क (त्या काळची नाणी) राहिले, तर निघताना किती होते? अशा उदाहरणांच्या वर्गाला भास्कराचार्यांनी शेषजाती असे नावच दिले आहे.

इथे सोडवण्याची किल्ली एकच आहे: दिलेला भाग पाहायचा नाही, राहिलेला भाग लिहायचा. गयेला सहा दशांश गेले म्हणजे चार दशांश राहिले. जकातीत चौथा भाग गेला म्हणजे तीन चतुर्थांश राहिले. काशीला दोन नवमांश गेले म्हणजे सात नवमांश राहिले. प्रयागला निम्मे गेले म्हणजे निम्मे राहिले. हे चार अपूर्णांक आधी समासात लिहून घ्यावेत आणि मगच आकड्यांना हात लावावा.

आता वहीत एक लांब पट्टी काढून तिचे दहा सारखे भाग करावेत, त्यांतले चार रंगवावेत आणि त्या चार भागांवर मिळून ६३ लिहावे. एक भाग पावणेसोळा निष्कांचा, म्हणून दहा भाग १५७½ निष्कांचे. गयेपूर्वी त्याच्याजवळ इतके होते. दुसऱ्या पट्टीचे चार भाग करावेत. त्यांतले तीन मिळून १५७½, म्हणून एक भाग ५२½ आणि चार भाग २१०. तिसऱ्या पट्टीच्या नऊपैकी सात भाग मिळून २१०, म्हणून एक भाग ३० आणि नऊ भाग २७०. शेवटी २७० हे निम्मे, म्हणून मूळ धन ५४० निष्क.

मधे १५७½ आल्यावर पुष्कळ मुले आपले चुकले असे समजून खोडरबर उचलतात. लाडवांच्या कोड्यात ती शंका रास्त असते, पण इथे वस्तू कोणती आहे ते पाहायला हवे. लीलावतीच्या आरंभीच दिलेल्या कोष्टकाप्रमाणे १६ द्रम्मांचा एक निष्क होतो, म्हणून अर्धा निष्क म्हणजे ८ द्रम्म आणि तो देता येतो. अर्धवट संख्या आली की ती वस्तू मोडता येते का हा प्रश्न विचारावा. येत असेल तर पुढे जावे, येत नसेल तर मागे वळून चूक शोधावी. पावकी, निमकी आणि पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि पाऊण पटीचे पाढे, पाठ असलेल्या पिढीला दोनशे दहाची पाऊणपट एकशे साडेसत्तावन्न, हे कागदाशिवाय सांगता येत असे. आजच्या मुलांनाही निदान पाऊणकीची ओळख करून द्यावी असे मला मनापासून वाटते, कारण पडताळा घेताना तिचा फार उपयोग होतो.

मोठ्या मुलांना हेच एका ओळीत करता येते. राहिलेल्या भागांचा गुणाकार केला, म्हणजे एक द्वितीयांश, सात नवमांश, तीन चतुर्थांश आणि चार दशांश एकमेकांनी गुणले, की ८४ छेद ७२० येते आणि त्याचे संक्षिप्त रूप ७ छेद ६० होते. मूळ धनाचे साठ भाग केले तर सात भाग उरले आणि ते सात भाग ६३ निष्कांचे आहेत, म्हणून एक भाग ९ चा आणि साठ भाग ५४० चे. लीलावतीत अशा ठिकाणी इष्टकर्म वापरले आहे: सोयीची कोणतीही संख्या मनात धरायची, तिच्यावर सगळ्या क्रिया करायच्या आणि आलेल्या शिलकीची दिलेल्या शिलकीशी तुलना करून धरलेली संख्या त्या पटीत वाढवायची.

एक सावधगिरी इथे सांगितलीच पाहिजे. इष्ट धरण्याची ही रीत लाडवांच्या कोड्यात चालत नाही. तिथे १४ लाडू धरून पाहिले तर ६, मग २ आणि शेवटी शून्य उरते. शून्याला कितीही पट केले तरी दोन होत नाहीत. दर वेळी केवळ भाग काढला जात असेल तरच पटीचा हिशेब लागू होतो. "वर एक" सारखी ठरावीक संख्या मधे आली की उलट चालणे हाच भरवशाचा मार्ग.

सारखे गट आणि प्रत्येक वेळची बाकी

दुसऱ्या प्रकाराची तयारी भागाकारापासूनच करावी लागते, कारण भागाकार म्हणजे एकच संख्या पुन्हापुन्हा वजा करणे. सतरा चिंचोक्यांतून पाच-पाच काढायला सांगावे: १७, १२, ७, २. तीन वेळा काढता आले आणि दोन राहिले. काही मुले उरलेल्या दोघांचाही एक गट मोजून चार म्हणतात. काही मुले वरच्या ओळीतले चार आकडे मोजून चार म्हणतात. दोघांचे उत्तर सारखे असले तरी चूक वेगळी आहे, म्हणून नुसते उत्तर न तपासता मुलाला बोट ठेवून मोजायला लावावे. भाज्य बरोबर भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, हे सूत्र त्यानंतर सांगावे.

आता कोडे असे: परडीतली फुले दोन-दोन काढली तर एक उरते, तीन-तीन, चार-चार, पाच-पाच किंवा सहा-सहा काढली तरीही एकच उरते, सात-सात काढली तर काहीच उरत नाही. कमीत कमी किती फुले असतील? इ. स. ६२९ मध्ये पहिल्या भास्कराने (लीलावतीकार भास्कराचार्यांच्या आधीचा वेगळा गणिती) आर्यभटीयावर लिहिलेल्या भाष्यात याच संख्या असलेले उदाहरण आहे.

दर वेळी उरणारे ते एक फूल उचलून बाजूला ठेवावे. राहिलेली फुले २, ३, ४, ५ आणि ६ या सर्वांनी पूर्ण भागली जातात, म्हणजे त्यांची संख्या या पाचांच्या लसाविच्या पटीत आहे. लसावि ६० आहे. बाजूचे फूल परत ठेवले की शक्य संख्या ६१, १२१, १८१, २४१, ३०१ अशा मिळतात. यांतली कोणती सातने पूर्ण भागली जाते ते पाहायचे आहे. प्रत्येकाला भागायची गरज नाही. ६१ ला सातने भागून बाकी ५ येते. ६० ची बाकी ४ असल्याने पुढे दर वेळी बाकीत चार मिळवायचे आणि बेरीज सात किंवा जास्त झाली की सात काढून टाकायचे. त्यामुळे बाक्या ५, २, ६, ३, ० अशा येतात आणि उत्तर ३०१ मिळते.

या कोड्यात एक सापळा आहे. लसावि न काढता २, ३, ४, ५ आणि ६ यांचा सरळ गुणाकार करणाऱ्या मुलाला ७२० मिळतात, एक मिळवून ७२१ होतात, आणि ७२१ ला सातने भागले तर बरोबर १०३ येतात. पडताळाही जमतो. अशा मुलाला चुकलास असे म्हणू नये, कारण ७२१ फुले खरोखरच सगळ्या अटी पाळतात. ३०१ मध्ये ६० आणि ७ यांचा लसावि ४२० मिळवला की तीच संख्या येते. "कमीत कमी" हा शब्द मात्र त्याने वाचला नाही, आणि पुन्हा एकदा पहिल्या पायरीकडे जावे लागते.

बाकी दर वेळी वेगळी असेल तेव्हा आधी ती भाजकापेक्षा कितीने कमी आहे ते पाहावे. दोनने भागून १, तीनने २, चारने ३ आणि पाचने ४ उरत असतील तर प्रत्येक वेळी एकच फूल कमी पडते आहे. ते बाहेरून आणून टाकले की ६० होतात, म्हणून उत्तर ५९. असे काहीच जुळत नसेल तर सर्वांत मोठ्या भाजकापासून चालत जावे. पहिल्या भास्कराचेच दुसरे उदाहरण घेऊ: आठने भागून ५, नऊने भागून ४ आणि सातने भागून १ उरते. नऊने भागून ४ उरणाऱ्या संख्या ४, १३, २२ अशा आहेत. त्यांतल्या १३ ला आठने भागून ५ उरतात. इथून पुढे ९ आणि ८ या दोन्ही अटी सांभाळायच्या असतील तर ७२ च्याच ढांगा टाकाव्या लागतात. १३ ला सातने भागून ६ उरतात, म्हणून ती नको. पुढची ८५, तिला सातने भागून १ उरतो. ७२ च्या एकाच ढांगेत उत्तर मिळाले.

शेवटची पायरी : कोडे रचणे

सोडवणे जमले की मुलाला तसेच कोडे रचायला सांगावे. रचताना शिलकीपासून सुरुवात करावी लागते, त्यामुळे उलट चालण्याचा सराव न सांगता होतो. भाचीने ठरवले की तिच्या कोड्यात दोघे जण "तिसरा हिस्सा आणि वर दोन" पेरू घेतील आणि शेवटी ४ पेरू उरतील. ४ आणि २ मिळून ६, हे दोन तृतीयांश, म्हणून ९. मग ९ आणि २ मिळून ११, आणि ११ चे दोन भाग करताना साडेपाच आले. तिने पेरू कापायचा का म्हणून विचारले, मग स्वतःच नको म्हणाली आणि चारच्या जागी सहा घेतले: ६ आणि २ मिळून ८, त्यावरून १२, १२ आणि २ मिळून १४, त्यावरून २१. तिने एकवीस चिंचोके मोजून घेतले, आधी सात आणि दोन काढले, मग चार आणि दोन काढले, आणि फरशीवर राहिलेले सहा पुन्हा एकदा मोजले.